पिवळ्या पावलांचं चौथं प्रकरण

सांगलीच्या एका वाचकभगिनीचं पत्र आलं आहे. जागेअभावी थोडं आखडतं घेऊन देते.

‘ताई, मी सांगलीत गावभागात राहते. वय एक्कावन्न. वीसेक वर्षं मी विडंबनं लिहीत होते. रहस्यकथेचं, भयकथेचं, कधी लग्नपत्रिकेचं, कधी पाककृतीचं. गल्लीच्या गणपतीत वाचायचे, एकदोन दिवाळी अंकांत छापूनही आली. २०१९च्या महापुरानंतर घर धुऊन काढताना मी पाणीपातळीच्या बातमीच्या चालीवर आमच्या घरातल्या चिखलाचं बातमीपत्र लिहिलं होतं, अख्खी गल्ली हसली होती. नंतर मिस्टर आजारी पडले. अडीच वर्षं मिरजेच्या फेऱ्या झाल्या आणि गेल्या श्रावणात ते गेले. मी लिहिलेलं पहिल्यांदा तेच वाचायचे, मोठ्यानं, आवाज काढून. आम्ही दोघंही ट्रंकेतल्या जुन्या रहस्यकथांवर वाढलेले. माझी “पिवळ्या पावलांचं रहस्य” तीन प्रकरणांवर थांबली आहे. मुलगी म्हणते, आई, लिही. वही उघडते, दोन ओळी लिहिते, त्या मलाच खोट्या वाटतात. एकदा दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डाचं विडंबन करायला घेतलं, तर नुसते शिव्याशाप झाले. त्यात परवा मुलीशी बोलताना मी हसले, तर नणंद म्हणाली, “अजून वर्षही झालं नाही.” महापुरात सुचलं, मग आता का सुचत नाही? आणि सुचावं तरी का?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला एक शब्द माझ्या मनातून जात नाहीये. ‘मोठ्यानं.’ ते मोठ्यानं वाचायचे, आवाज काढून वाचायचे. महापुरात सुचलं ते आता का सुचत नाही, याचं उत्तर मला वाटतं तुम्ही त्या एका शब्दात देऊन टाकलंय.

कविता एकवेळ एकट्यासाठी लिहिता येते. रोजनिशी तर एकट्यासाठीच असते. विडंबन मात्र ऐकणाऱ्याला मूळ चाल ठाऊक असल्याखेरीज उभंच राहत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या आठवड्यात सांगलीतलं लहान पोरसुद्धा फुटा-इंचांत बोलत होतं. सकाळी आठ वाजता इतकी, दुपारी बारा वाजता इतकी, ही चाल सगळ्यांच्या कानात जाऊन बसली होती. म्हणून तुम्ही ‘स्वयंपाकघर, सकाळी आठ वाजता, चिखल दीड वीत, ओट्याखालील नागरिकांनी सतर्क राहावे’ असं वाचलंत तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दुःख गल्लीचं होतं आणि चालही गल्लीची होती.

या वेळचं दुःख एका घराच्या उंबऱ्याच्या आत आलं. आणि ज्याला तुमच्या सगळ्या चाली पाठ होत्या तो माणूसच त्यात गेला. तुम्हाला वाटतंय आपला विनोद आटला. माझं म्हणणं वेगळं आहे. विनोद जागच्या जागी आहे, तो ऐकणारा कान गेलाय. रिकाम्या खोलीत कुणी लकेर घेतली तर ती खोटी वाटणारच. त्यात गळ्याचा काय दोष?

तुम्ही सोबत पाठवलेली तिन्ही प्रकरणं मी काल रात्री वाचली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना एका अडत्याची तिजोरी फुटते. मुंबईहून आलेला डिटेक्टिव्ह फरशीवर उमटलेली पिवळी पावलं बघून गालातल्या गालात हसतो, चोर आता सुटत नाही. पावलांचा माग काढत तो फाटकापर्यंत येतो आणि थबकतो, कारण हंगामात तिथं हमालापासून अडत्यापर्यंत सगळ्यांचीच पावलं पिवळी. दुसऱ्या प्रकरणात तो संशयितांची यादी करतो, ती भरते चारशे सात नावांची. तिसऱ्याच्या शेवटी तो सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, दोर सोडून उतरणार, तर पेववाला म्हातारा त्याचा दंड धरतो. ‘सायेब, पेव उघडलं की आधी वारं खेळू द्यायचं असतंय. लगीच उतरलासा तर रहस्यासकट तिथंच ऱ्हाशीला.’ चौथ्या प्रकरणात एकच शब्द आहे. ‘तेवढ्यात’.

हे लिहायला रहस्यकथेवर जीव असावा लागतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड हे नायक घराघरांत नेले, आणि प्रकरण कुठं तोडायचं हे त्यांच्या वाचकांच्या दोन पिढ्यांना अंगवळणी पडलं. तुमचं ‘तेवढ्यात’ त्याच शाळेतलं आहे. त्यात हरिपूरच्या पेवांचा तो बारकावा. बंद पेवात हवा कोंडलेली असते, ते उघडून काही वेळ तसंच ठेवल्याशिवाय जाणता माणूस आत पाय टाकत नाही. २००५च्या महापुरानं या पेवांचं फार नुकसान केलं. पुढच्या पिढीला पेव म्हणजे काय ते कदाचित तुमच्या या गोष्टीतूनच कळेल. तेव्हा हे लिखाण फालतू आहे, अशा वेळी बाजूला सारण्यासारखं आहे, असं मनात येत असेल तर ते काढून टाका.

आता नणंदेचं बोलणं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी स्वतः नणंद आहे.

माझा थोरला भाऊ गेला त्याला नऊ वर्षं झाली. साताऱ्यात आमची घरं शेजारशेजारच्या गल्लीत. तो गेल्यावर पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी मी वहिनीकडं डबा घेऊन निघाले होते. जिन्यात असतानाच वरून तिच्या हसण्याचा आवाज आला. टीव्हीवर काहीतरी चाललं होतं आणि ती खळखळून हसत होती. मी तिथूनच मागं फिरले. राजवाड्यापर्यंत चालत गेले आणि डबा मांडीवर घेऊन गोलबागेशी बसून राहिले. राग कशाचा आला होता ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. ती हसली म्हणजे तिच्याजवळ शिल्लक असलेला माझा भाऊ तेवढा कमी झाला, असं काहीसं वाटलं होतं. मी तिला बोलले नाही, पण बोलले असते तर तुमच्या नणंदेसारखंच बोलले असते.

म्हणून सांगते, त्यांच्याशी वाद घालू नका आणि त्यांचं बोलणं मनालाही लावून घेऊ नका. तुमचा नवरा गेला तसा त्यांचा भाऊ गेलाय. बहिणीच्या दुःखाला आपल्याकडं फारसं कुणी विचारत नाही. भेटायला येणारी माणसं तुमच्याजवळ बसतात आणि तिला चहा ठेवायला सांगतात. तिला वाटतं, निदान हे घर तरी अजून थांबलेलं असावं.

माझा राग कुणी समजूत काढून गेला नाही. दिवाळीच्या आधी मी वहिनीच्या स्वयंपाकघरात उभी होते. कुकरला नवी शिट्टी आणली होती, ती काही केल्या बसेना. शेवटी बसली तेव्हा वहिनी म्हणाली, ‘लागलं बाई लग्न एकदाचं.’ आणि माझ्या तोंडून मंगलाष्टकाच्या चालीवर आपसूक निघून गेलं,

शिट्टी लाजुनिया उभी चुलिवरी, वाफेत न्हाला वर
डाळी तांदुळ हे जमून बसले, कुर्यात् सदा मंगलम्

वहिनीनं डब्यात हात घातला आणि चिमूटभर तांदूळ कुकरवर टाकले. अक्षता. मग आम्ही हसलो, मग दोघी रडलो, मग कुकरची शिट्टी झाली. रात्री घरी येऊन मी त्या दोन ओळी वहीत उतरवल्या. त्या सबंध वर्षात मी कागदावर उमटवलेलं ते पहिलं अक्षर.

या ओळी मोठ्या आहेत म्हणून मी सांगत नाहीये. त्या कशा आल्या ते तुमच्या उपयोगाचं आहे. मला त्या दिवशी स्वतःचं असं काहीच सांगायचं नव्हतं. माझ्याजवळ तेव्हा आवाज नव्हता. पण मंगलाष्टकाची चाल तयार होती, शेकडो लग्नांत ऐकून कानात मुरलेली. मी फक्त तिच्यात जाऊन उभी राहिले. वाईट काळातून बाहेर येताना माणसाला आपला आवाज लगेच सापडत नाही, आणि विडंबनाला तो लागतही नाही. दुसऱ्याचा उसना घेऊन सुरुवात करता येते. लोक म्हणतात, आधी मन हलकं होऊ दे, मग विनोदी लिही. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांना अशा काळात मनातलं लिहा, मोकळ्या व्हा, असं सांगितलं जातं, त्यांतल्या कितीतरी जणींना कोऱ्या पानाची धास्तीच बसते. विडंबनाचं पान कोरं नसतंच. त्याच्यावर आधीच कुणीतरी रेघा आखून ठेवलेल्या असतात.

आणि त्या रेघा कडक असाव्यात. मंगलाष्टकं ज्यात असतात ते शार्दूलविक्रीडित वृत्त ओळीला १९ अक्षरांचं, बाराव्या अक्षरावर थांबायचं. केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ याच वृत्तात आहे. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं तिचं विडंबन केलं तेही याच वृत्तात, आणि १९२५ साली ‘झेंडूची फुले’ निघालं तेव्हापासून ते मराठी माणसाच्या ओठांवर आहे. एक अक्षर इकडचं तिकडं झालं असतं तर गंमत गेली असती. मूळ कविता इतकी जिभेवर बसवायची की तिच्यातला एखादा शब्द काढून भलताच ठेवला तरी ओळ डगमगत नाही. ही मायेशिवाय होणारी गोष्ट नव्हे.

तुमच्या डिस्चार्ज कार्डाचं काय झालं ते इथं लक्षात येईल. त्या कागदावर तुमची माया नाही आणि असायचं कारणही नाही. त्या कागदानं तुम्हाला फसवल्यासारखं वाटत असेल, त्यातल्या एखाद्या ओळीवर तुम्ही अडीच वर्षं आशा लावून बसला असाल. त्याच्याबद्दलचा राग खरा आहे, पण त्याला विडंबनाचे कपडे घालू नका. तो सरळ लिहा. एक पत्र लिहा, शिव्या आल्या तर शिव्यांसकट लिहा, नाव घालून लिहा आणि घडी करून कपाटात ठेवा. पाठवायचं की नाही ते नंतर बघता येईल. तो राग एकदा आपल्या वाटेनं निघून गेला की हात मोकळा होतो. निदान पहिले काही महिने आजारपण आणि दवाखाना हे विषय विनोदात आणू नका असं मी सांगेन. ज्या लेखनप्रकारावर तुमचं प्रेम आहे त्याच्याचकडं परत जा.

पण लगेच रहस्यकथेकडं नको. तीन प्रकरणांची गोष्ट पुढं न्यायची म्हणजे तुमच्या त्या चारशे सात माणसांना पुन्हा उठवून उभं करायचं. एवढं बळ आत्ता नसलं तर नसू दे. लहान आणि ठरीव साच्याचं काहीतरी घ्या. जुनी एखादी लग्नपत्रिका घरात असेलच. ती आधी जशीच्या तशी हातानं वहीत उतरवून काढा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ते खालच्या ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत, काना-मात्रा न बदलता. हे कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. उतरवताना मनाला काही करावं लागत नाही आणि हाताला चाल लागते. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उतरवा आणि फक्त वधूवरांची नावं बदला. भडंग आणि चिरलेला कांदा. छत्री आणि ती विसरणारा माणूस. बाकी सगळी पत्रिका तशीच ठेवा. कांद्याचे आईवडील कोण, भडंगाचं गाव कोणतं, आहेर स्वीकारला जाणार का, हे प्रश्न आपोआप उभे राहतील आणि त्यांची उत्तरं द्यायला तुमचा हात पुढं होईल. नाही झाला तर वही मिटा. पत्रिका उतरवून झाली म्हणजे त्या दिवसाचं काम झालं.

पाणीपुरवठा बंद राहण्याची सूचना, दैनिक राशिभविष्य, हरवल्याची जाहिरात, हे सगळे असेच भरवशाचे साचे आहेत.

राहिला कानाचा प्रश्न, आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. मुलीला वाचून दाखवाल, पण तिला अर्नाळकरांची चाल ठाऊक नसेल तर ती प्रेमापोटी हसेल, आणि प्रेमापोटी हसलेलं लिहिणाऱ्याला लगेच कळतं. ट्रंक उघडा. रात्रीची जेवणं झाली की मूळ रहस्यकथेतलं एक प्रकरण तिला वाचून दाखवा. मोठ्यानं. आवाज आता तुम्हाला काढावे लागतील. पहिल्या दिवशी कदाचित अर्ध्या पानाच्या पुढं जाता येणार नाही, कारण कानात त्यांचा आवाज येईल. तर अर्धं पान. पाचसहा प्रकरणांत तिला कळायला लागेल की टेलिफोन वाजला की पलीकडं कुणी बोलणार नाही आणि मोटारीचे दिवे विझले की काहीतरी घडणार. ज्या दिवशी ती तुमच्या आधी ‘तेवढ्यात’ म्हणेल, त्या दिवशी तुमच्या घरात पुन्हा दोन कान झाले. आणि तिचे साचे तुम्ही शिकून घ्या. मोबाईलवर कोथिंबीर चिरतानासुद्धा ‘हाय फ्रेंड्स’ म्हणणाऱ्या पाककृती तिला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतील. त्याची विडंबनं ती लिहील, तुम्ही ऐका. वाचनालयात संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसणाऱ्या मंडळींतही झुंजारचे दोनचार भक्त सापडतील, सांगली आहे ती.

आणि नणंदेला विसरू नका. वर्षश्राद्ध होऊ दे. मग एखाद्या दुपारी त्यांना विचारा, तुमचा भाऊ लहानपणी गोष्टी वाचताना आवाज काढायचा का हो? त्या काय सांगतात ते ऐका. माझ्या वहिनीनं मला असाच एक प्रश्न विचारला होता आणि मी तासभर बोलत होते. त्यांच्याजवळ तुमच्या नवऱ्याचं असं काही असेल जे तुम्हालाही ठाऊक नाही.

झोप लागत नसेल, जेवणाखाणाची शुद्ध राहत नसेल, दिवस ढकलावे लागत असतील, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडं जा. त्यात कमीपणा काही नाही.

थांबून राहिलेल्या गोष्टीची चिंता करू नका. तुमच्या हरिपूरचेच गोविंद बल्लाळ देवल. त्यांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ हे प्रहसन लिहिलं. पुढं ‘शारदा’सारखं जरठ-कुमारी विवाहावरचं नाटक लिहिलं, जे बघून लोक हेलावून गेले. आणि तेवीस वर्षांनी, १९१६ मध्ये, त्याच जुन्या फाल्गुनरावाला पदं देऊन ‘संशयकल्लोळ’ उभं केलं. त्याच वर्षी ते गेले. आज देवलांचं नाव निघालं की शारदेच्या बरोबरीनं तो संशयी फाल्गुनरावही आठवतो. तेवीस वर्षांनी उघडलेली वही होती ती. तुमची तर तीनच वर्षं झालीत.

गोष्ट पुन्हा हातात घ्याल तेव्हा तुमच्या पेववाल्या म्हाताऱ्याचं ऐका, वारं खेळू द्या. मला घाई नाही, फक्त एक राहवत नाही म्हणून लिहिते. दुसऱ्या प्रकरणात एक दिवाणजी आहे, पानभर तरी तो गप्पच बसून असतो. तुम्ही जाता जाता एवढंच म्हटलंय की त्याचं धोतर आणि पायातल्या वहाणा लख्ख पांढऱ्या. अख्ख्या यार्डात हंगामाच्या दिवसात एकट्याचेच पाय कोरे कसे? चारशे सात नावांच्या यादीत त्याचं नाव नाही, मी दोनदा बघितलं. माझा संशय त्याच्यावर आहे. चुकत असेन तर चौथ्या प्रकरणात कळवा.